फिंटनच्या घरची मिस्सा

फिंटन ब्रेनन रंगारी होता आणि त्याच्या कामाचे दोन हंगाम फादरच्या हातात होते. वसंतात आणि शरदात आमच्याकडे मिस्सा, म्हणजे फादरची प्रार्थनासभा, चर्चमधून उठून लोकांच्या घरी येते. रस्त्यावरच्या घरांचा क्रमाने नंबर लागतो. ज्याचा लागला त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरं कापड पडतं, मेणबत्त्या लागतात, शेजारीपाजारी फरशीवर गुडघे टेकतात. आणि शेवटचं आमेन झालं रे झालं की चहा, हॅम, ब्राउन ब्रेड आणि बायकांनी आपली अब्रू पणाला लावून भाजलेले केक. याला स्टेशन म्हणतात. का म्हणतात ते फादरलाही धड सांगता येत नाही. पण नंबर लागला की घर रंगवायचंच, हा नियम मात्र दहा आज्ञांच्या खाली अकरावा कोरलेला असावा असा सगळे पाळतात. एरवी भिंतीला पोपडे आले तरी ढिम्म हलणार नाहीत. स्टेशन आलं की धावाधाव, आणि फिंटनला फोन.

त्यामुळे आयर्लंडातल्या रॉसकॉमनच्या त्या रस्त्यावरचं एकेक स्वयंपाकघर फिंटनच्या हाताखालून गेलेलं होतं. कुणाच्या भिंतीला ओल येते, कुणाच्या येशूच्या तसबिरीमागे भोक आहे, सगळं त्याला माहीत. या माहितीचा त्याने कधी उपयोग केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, असं आम्हाला पुष्कळदा वाटतं.

त्या शरदातलं स्टेशन डेलिया केनीकडे होतं. डेलिया म्हणजे फिंटनच्या अलीकडच्या घरातली शेजारीण, विधवा, हाताला चव आणि जिभेला मध. तिचं स्वयंपाकघर फिंटननेच फिकट पिवळं करून दिलं होतं. डेलियानंतर रस्ता चढायला लागलं की ब्रेननांचं घर. म्हणजे पुढचा नंबर फिंटनचा. यात शंकेला जागाच नव्हती. त्याच्या घरात मागचं स्टेशन झालं तेव्हा त्याचे वडील जिवंत होते आणि तो स्वतः वेदीवर घंटी वाजवणारा पोरगा होता. मधली सगळी वर्षं तो दुसऱ्यांची घरं सजवून देत आला होता, आणि आपल्या स्वयंपाकघराचा रंग त्याने मनात केव्हाच ठरवून ठेवला होता.

मिस्सा झाली. फादर लॅव्हेलनी चहाचा कप हातात घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, "वसंतातलं स्टेशन मॅटी ईगनकडे."

मॅटी ईगनचं घर फिंटनच्या घराच्या पलीकडे. मॅटीच्या घशात हॅम अडकलं. त्याच्या बायकोने एकदा फिंटनकडे पाहिलं आणि घाईघाईने खिडकीबाहेर पाहायला लागली. फिंटन वाट पाहत राहिला. कुणीतरी म्हणेल, फादर, मध्ये ब्रेननांचं घर राहिलं की. एवढंच तर म्हणायचं होतं. पण सगळे मूग गिळून बसले, आणि मग कुणीतरी डेलियाच्या केकची तारीफ सुरू केली. ती इतकी रंगली की जणू त्या केकसाठीच देवाने सहा दिवस राबून हे जग निर्माण केलं.

डेलियाने त्याला मोरीपाशी गाठलं. "अरे, तुझ्या आईचं वय झालंय. एवढी माणसं यायची, जायची. तुम्हाला कशाला तो ताप?"

"आम्हाला काही ताप नाही, डेलिया."

"नाहीच रे. तुझं मन मोठंच आहे. ताटात काहीच दिसत नाही तुझ्या? टार्ट घे ना. घे, घे, लाजू नकोस."

आमच्या लोकांना तोंडावर नाही म्हणता येत नाही. ते तुम्हाला टार्ट वाढतात. कुणी शिवी दिली तर माणूस उलट शिवी देऊ शकतो. सफरचंदाच्या टार्टला काय उलट देणार? फिंटनने तो खाल्ला. चांगला झाला होता, याचाही त्याला राग आला.

वगळलं का, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फिंटनच्या घरात त्याची आई डिंपना होती, मुलगी रोशीन होती आणि डेक्लन होता. डेक्लन जिल्ह्याच्या वाचनालयाची गाडी चालवायचा, गावोगाव पुस्तकं पोहोचवायचा. रोशीन बालवाडीत जायला लागली तेव्हापासून तो या घरात होता. गावात त्याला "फिंटनचा भाडेकरू" म्हणत. हे नाव डिंपनाने दिलेलं. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, हा कोण, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "भाडेकरू ठेवलाय." रोशीनच्या वेण्या घालणारा, तिला गोवर आला तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसणारा, डिंपनाच्या पायाला मलम चोळणारा असा भाडेकरू आयर्लंडात दुसरा नसेल. पण नाव पडलं ते पडलं.

डेक्लनच्या आधी फिंटनचं लग्न झालेलं होतं. नुआला नावाच्या भल्या मुलीशी, चर्चमध्ये, थाटात. पंचविशीत सगळे करतात म्हणून त्यानेही केलं. आपल्यात काहीतरी वेगळं आहे ते त्याला कळत होतं. लग्नाने जाईल, असं एका म्हाताऱ्या धर्मगुरूने कबुलीजबाबाच्या वेळी सांगितलं होतं. गेलं नाही. नुआलाच्या लक्षात यायला वेळ लागला, पण आल्यावर तिने आदळआपट केली नाही. ती गॉलवेला गेली, रीतसर घटस्फोट झाला, पुढे दुसऱ्या माणसाबरोबर सुखी झाली. रोशीन सुट्ट्यांत तिच्याकडे जायची, एरवी इथेच वाढली.

फिंटनला राहून राहून आठवायचं ते त्या लग्नाचं. वेदीसमोर उभा राहून तो देवाच्या तोंडावर खोटं बोलला होता, तेव्हा चर्च माणसांनी फुलून गेलं होतं. लोक रडले, गायले, नाचले, पहाटेपर्यंत जेवले. आता तोच माणूस म्हणत होता, मला एकदा खरं बोलू द्या, तर अख्ख्या गावाला खोकल्याची उबळ आली होती.

"ईगनकडे?" त्या दिवशी घरी आल्यावर डेक्लन म्हणाला. तो बटाटे सोलत होता. "सुटलास. जिना रंगवायचा वाचला."

"थट्टा सुचतेय तुला."

"मग काय रडू? त्यांना आपण नकोत, फिंटन. मला तर लहानपणीच कळलं, मी तेव्हाच त्यांचं दार ओढून घेतलं. तूच मेला दर रविवारी जाऊन बेल वाजवतोस."

रोशीन अभ्यासातून मान वर न करता म्हणाली, "बाबा, तू जाऊच नकोस ना तिथे. जबरदस्ती आहे का कुणाची?"

हेच कुणाला समजावता येत नव्हतं. जबरदस्ती नव्हती. फिंटनला मिस्सा आवडायची. शिडीवर उभा राहून छत रंगवताना तो मनातल्या मनात जपमाळ म्हणायचा, हात आपोआप त्या तालावर चालायचा. डेक्लन भेटला त्याबद्दल त्याने देवाचे आभार मानले होते, गुडघे टेकून, त्याच चर्चमध्ये. आता ज्याचे आभार मानले त्याच्याच घरातून बाहेर पड म्हणायचं, आणि तेही आपल्याच माणसांनी! चर्चवाले म्हणत, डेक्लनला सोड. डेक्लन म्हणे, चर्च सोड. सगळ्यांना त्याने काही ना काही सोडायला हवं होतं. काय धरायचं ते कुणी सांगत नव्हतं.

आई चुलीजवळच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होती.

आणि मग कळस झाला. फेब्रुवारीत मॅटी ईगनचा फोन आला. स्टेशन तोंडावर आलंय, स्वयंपाकघर, बैठकीची खोली आणि पुढचं दार एवढं करून देशील का? फिंटनचा नंबर मॅटीने पळवला नव्हता हे खरं, पण पळवलेला माल त्याच्या घरी उतरला होता, आणि आता तो सजवायलाही फिंटनच हवा होता. यात काही वावगं आहे हे मॅटीच्या ध्यानीमनीही नव्हतं. स्टेशन आलं की फिंटनला बोलवायचं, बस. आजवर तेच होत आलं होतं.

"जाणार नाहीस ना?" डेक्लनने विचारलं.

"जाणार. नाहीतर तो बॉइल गावचा कोण तो माणूस येईल आणि भिंतीची वाट लावेल."

ते वर्ष मतदानाचं होतं. दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना लग्न करता यावं की नाही, हे मे महिन्यात सगळ्या देशाने ठरवायचं होतं. जाईल तिथे खांबांवर पाट्या लटकत होत्या. एकीवर मूल होतं, आणि त्याला आई आणि बाप दोन्ही मिळाले पाहिजेत असं लिहिलेलं होतं. ती पाटी नेमकी रोशीनच्या बसथांब्यासमोर होती. नोंदणीची भागीदारी तेव्हाही करता येत होती. फिंटनने ती केली नाही. "भागीदारी? मी काय डेक्लनबरोबर दुकान टाकतोय का?" असं तो म्हणायचा आणि हसायचा. पण लग्न का हवं, हे विचारलं की हसायचा नाही. रोशीनने सायकलवरून पडून हात मोडून घेतला तेव्हा डेक्लन तिला इस्पितळात घेऊन गेला होता. तिथल्या बाईंनी विचारलं, तुम्ही मुलीचे कोण? भाडेकरू म्हणायचं का? फिंटन तीन गावं पलीकडे शिडीवर होता. तो येईपर्यंत पोर आत एकटी रडत होती आणि डेक्लन बाहेर तिचा एक बूट हातात धरून उभा होता. कायद्याने तो तिचा कुणीच नव्हता.

तर फिंटन मॅटीचं छत रंगवत होता आणि खाली मॅटी ऐसपैस बसून बोलत होता. "आमची दोन्ही मतं तुझीच, फिंटन. माणसाने सुखात राहावं. बरं, त्या कोपऱ्यात अजून एक हात मारतोस?" डेलिया केनी डोकावून म्हणाली, "तुझ्यासाठी नाही तर कुणासाठी करायचं रे?" जो तो हो म्हणत होता. फिंटनला ते इतके हो ऐकून भीती वाटायला लागली होती. टार्टची चव त्याच्या तोंडातून अजून गेली नव्हती.

एकदा फादर लॅव्हेल रंग पाहायला आले. माणूस वाईट नव्हता. लाजाळू, फुटबॉलचा वेडा, कुणाचं मन दुखवायचं म्हटलं की मानेपर्यंत लाल होणारा. फिंटन शिडीवरूनच म्हणाला, "फादर, मला का वगळलंत?"

"वगळलं? छे छे, कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. चहाचा कप हातात धरून."

फादर लाल झाले. "तसं नाही ते. वातावरण सध्या जरा... लोक काय म्हणतील, तुलाच त्रास व्हायचा. मे महिना जाऊ दे. निवळलं की बघू. हा रंग काय, क्रीम का?"

"मॅग्नोलिया," फिंटन म्हणाला. त्याने ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

हे त्याने घरी सांगितलं तेव्हा आई नेहमीसारखी खुर्चीतच होती. पण रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारात, जिथे फादर उभे राहून सगळ्यांशी हात मिळवतात, तिथे डिंपना काठी टेकून थांबली. मागे निम्मं गाव तुंबलं.

"फादर, मी मेले का?"

"अहो, काय अभद्र बोलता, डिंपना!"

"मग माझ्या दारावरून उडी मारून मॅटीकडे कसे गेलात? मी म्हातारी आहे, आंधळी नाही. शरदातलं स्टेशन माझ्या घरी. सांगा सगळ्यांना. आत्ताच सांगा, लोक आहेत तोवर."

आणि फादरनी सांगितलं. दुसरं करणार काय? फिंटनने घरी जाताना गाडी इतकी हळू चालवली की मागचे हॉर्न वाजवायला लागले. त्याचा आनंद पोटात मावत नव्हता. आपली आई आपल्या बाजूने उभी राहिली, भर चर्चच्या दारात! त्याने तिला वाटेत आइस्क्रीम घेऊन दिलं. मार्च महिना, बोचरा वारा, आणि ही बाई गाडीत बसून आइस्क्रीम खातेय.

मे उजाडला. शाळेत मतदान झालं. दुसऱ्या दिवशी मोजणी. आमच्याकडे मोजणीला कठड्याबाहेर सगळ्या बाजूंची माणसं उभी असतात, आणि पेटी उघडून मतपत्रिका उलगडायला लागले की ती नुसत्या नजरेने टिपतात. कुठल्या शाळेची पेटी काय बोलली हे दुपारच्या जेवणाआधी जिल्हाभर झालेलं असतं. देशाने हो म्हटलं, दणदणीत. डब्लिनमध्ये लोक रस्त्यावर गात होते, टीव्हीवर एकमेकांच्या गळ्यात पडत होते. सगळ्या देशात एकच मतदारसंघ नाही म्हणाला, आणि तो आमचा. आमच्या शाळेची पेटीही नाहीच म्हणाली.

रोशीन रडत होती आणि हसत होती. डेक्लन म्हणाला, "अरे, जिंकलो आपण! पेटीचं काय घेऊन बसलास?" फिंटनला ते कळत होतं. तरीही तो टीव्हीसमोर बसून त्या एकाच पेटीचा विचार करत राहिला. डब्लिनच्या लोकांची स्वयंपाकघरं त्याने रंगवली नव्हती.

संध्याकाळी डेलिया टार्ट घेऊन आली. "अभिनंदन रे बाळांनो! माझं मत तुलाच हं." मग मॅटी आला, त्याचीही दोन मतं तुलाच. पोस्टातला आला, त्याचंही. रविवारपर्यंत रस्त्यावरच्या प्रत्येक घराने फिंटनला हो दिलेला होता. एवढे सगळे हो घालूनही पेटीतून 'नाही'च निघालं, म्हणजे शेजारच्या कबरस्तानातून मतदार आले असावेत. कुणावर डाफरायचं? ज्याच्यावर डाफरावं तो नेमका खरा हो असायचा.

"सगळे खोटारडे," फिंटन भांडी पुसता पुसता आईला म्हणाला. आता तो थोडा हसतही होता. "निदान या घरातली मतं तरी पेटीत पोहोचली."

"माझं धरू नकोस," डिंपना म्हणाली. "मी 'नाही'च्या चौकटीत फुली मारली."

फिंटनला आधी वाटलं, ती थट्टा करतेय.

"लग्न हा संस्कार आहे," ती म्हणाली. "तो बाईचा आणि पुरुषाचा. मी तेच शिकले, तेच मानते. देवापुढे मला जायचंय, तुला नाही."

"आणि नुआलाशी केलं तो संस्कार होता?"

"होता. तू मोडलास."

"मी खोटं बोललो होतो, आई! वेदीसमोर!"

"ते तुझं तू बघ. मी खोटं बोलले नाही. सगळा रस्ता बोलला असेल. तुला कळायला हवं म्हणून सांगितलं."

"आणि डेक्लन कोण तुझा?"

"डेक्लन माझ्या घरचा आहे. त्याला कधी वाकडा शब्द बोलले?"

"भाडेकरू म्हणतेस!"

"ते तोंडात बसलंय," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिची नजर खाली गेली.

त्यानंतर घरात अबोला पडला. मीठ हवं असलं तर रोशीनमार्फत मागायचं. "रोशीन, आजीला सांग, औषध घ्यायची वेळ झाली." "रोशीन, बापाला सांग, मला घड्याळ दिसतं." पोरगी कंटाळून नुआलाकडे निघून गेली. फिंटनचं डोकं फिरायची वेळ आली होती. ज्या बाईने भर चर्चमध्ये फादरला नमवलं, तिनेच शाळेतल्या त्या आडोशामागे पेन्सिल उचलून आपल्या पोराच्या विरोधात फुली मारली. दोन्ही कामं तिने तितक्याच शांतपणे केली होती. खोटा हो सहन करता येतो. खऱ्या नाहीचं काय करायचं? चर्चच्या दारातल्या त्या प्रसंगानंतर त्याने मलम चोळायचं काम स्वतःकडे घेतलं होतं, ते पुन्हा डेक्लनकडे दिलं. डेक्लन चोळायचा, दोघं टीव्हीवर घोड्यांच्या शर्यती बघायचे आणि खिदळायचे. त्याचाही फिंटनला राग यायचा.

"तुला काहीच कसं वाटत नाही?" त्याने विचारलं.

"वाटतं ना," डेक्लन म्हणाला. "पण माझ्या आईने मला घरातून काढलं, फिंटन. हिने नुसती फुली मारली."

उन्हाळा सरला तसं फिंटनने घर रंगवायला काढलं. डेक्लनने कपाळाला हात लावला. "अजूनही?" अजूनही. स्वयंपाकघर त्याने निळं केलं, पहाटेच्या आभाळाचं असतं तसं फिकट निळं. दुसऱ्यांकडे त्याने बहुतेक मॅग्नोलियाच लावला होता. लग्न हिवाळ्यात करायचं ठरलं होतं, सरकारी कचेरीत, आणि ही बातमी गावभर झाली होती.

म्हणूनच स्टेशनच्या आदल्या दिवशी फादर लॅव्हेल आले. त्यांनी टेबल पाहिलं, निळा रंग पाहिला, छान म्हणाले, आणि मानेपर्यंत लाल झाले. "फिंटन, उद्या मी कम्युनियनची पवित्र भाकर वाटेन तेव्हा... आता जाहीरच झालंय सगळं. इतके दिवस मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. तू असं कर, हात छातीवर दुमडून उभा राहा. मी भाकरीऐवजी आशीर्वाद देईन. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"माझ्याच स्वयंपाकघरात?"

"आशीर्वाद पूर्ण असेल," फादर म्हणाले. पण त्याने फिंटनचं पोट भरणार नव्हतं.

त्याने हे डेक्लनला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर स्टेशनच झालं नसतं. आई खुर्चीत होती, तिने ऐकलं असावं. अबोला होताच.

दुसऱ्या दिवशी सगळे आले. एकूण एक. डेलिया टार्ट घेऊन, मॅटी धुतलेल्या मानेने, त्याची बायको नव्या कोटात. "काय सुंदर निळा, फिंटन!" "आम्हाला का नाही सुचवलास?" गॉलवेहून परत आलेल्या रोशीनने धर्मग्रंथातला उतारा वाचला. डेक्लन मागच्या दाराशी हाताची घडी घालून उभा होता. चहाची किटली तापवायचं काम त्याने स्वतःवर घेतलं होतं, म्हणजे प्रार्थना म्हणायला नको. एकमेकांना शांती द्या असं फादर म्हणाले तेव्हा फिंटनने सगळ्यांशी हात मिळवले. प्रत्येक हात उबदार होता. यातला कुठला हात त्या दिवशी नाहीवर गेला, हे त्याने ओळखायचा प्रयत्नसुद्धा सोडून दिला.

मग कम्युनियन. घराचा यजमान पहिला. फिंटन उभा राहिला, दोन्ही हात छातीवर दुमडले. फादरनी त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस केला आणि ते पुढे सरकले. एवढंच. लक्षात कुणाच्याही येणार नव्हतं, म्हणून सगळ्यांच्या आलं. खोलीतला खोकला थांबला. मागे किटली उतरवल्याचा आवाज झाला. डेक्लनला कळलं होतं.

पुढे खुर्चीत डिंपना. फादर वाकले. "ख्रिस्ताचं शरीर."

आमेन म्हणायला तिचं तोंड उघडलं नाही.

"डिंपना?" फादर हळूच म्हणाले. "बरं वाटत नाही का?"

"मी ठणठणीत आहे. मला नको."

"अहो..."

"त्याच्या घरात त्याला नाही, तर मला नको. जा पुढे."

सातव्या वर्षापासून ही बाई कम्युनियनचा एक रविवार चुकली नव्हती. बाळंतपणातही तिने फादरला घरी बोलावून घेतलं होतं. फादरचा हात तसाच हवेत राहिला. तिच्या शेजारी डेलिया होती, तोंड आधीच उघडून बसलेली. ते मिटावं की तसंच ठेवावं हे तिला कळेना. शेवटी तिने घेतलं. मॅटीने घेतलं, त्याच्या बायकोने घेतलं. सगळ्यांनी घेतलं, रोशीन सोडून. मग चहा झाला, आणि निळ्या रंगाची अशी काही तारीफ सुरू झाली की फिंटनला भिंत खरवडून काढावीशी वाटली.

पाहुणे गेले. डेक्लन खुर्च्या उचलत होता, जरा आपटतच. फिंटन कप विसळत होता. त्याला आईच्या पायाशी बसून रडायचं होतं आणि त्याच वेळी तिला गदागदा हलवायचं होतं. कितीतरी दिवसांनी तो तिच्याशी थेट बोलला.

"एवढं मोठं केलंस आज. आणि मे महिन्यात नुसती एक फुली मारायची होती, आई. ती नाही जमली तुला?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? सांग ना, काय वेगळं?"

तिने काठीचं टोक फरशीवर दोनदा फिरवलं. "ते वेगळं," ती पुन्हा म्हणाली, पण आता आवाज उतरला होता.

डेक्लन खुर्ची खाली ठेवून थांबला होता. फिंटनने हात पुसले. "हिवाळ्यात लग्न आहे. येणार आहेस का?"

डिंपनाने काठी त्या निळ्या भिंतीला टेकवून ठेवली.

"येईन," ती म्हणाली. "पण टाळ्या वाजवणार नाही."